गुळव्याचं मौन

राजकोट
२ डिसेंबर २०२४

आबा,

शाळेत पत्राचा मायना शिकवत हुते तवा मी आठवीतनं पळालेलो, म्हणून वर काय लिहायचं ते सोडून दिलंय. आई फोनवर रोज म्हणत्या, तुझ्या बापाला चार वळी तरी लिही. तुम्हाला जेलातनं आठवड्याला पाच मिनिटं फोन मिळतोय, त्यो आईलाच पुरत न्हाय. माझ्यापतूर कुठनं येणार? म्हणून लिहितोय.

मी बरा हाय. फौंड्रीत वितळलेलं लोखंड साच्यात ओतायच्या कामावर घातलंय. एका जागी उभारून ऱ्हायला मला जमत न्हाय हे तुम्हाला म्हाईतच हाय. चार महिन्यात तीन खाती बदलली. शेठ म्हणतोय, तेरे पाँव में चक्का है क्या.

तुम्ही घरी यायला मागितलेल्या रजेचं कळलं. आई रडत हुती. पोलीस चौकशीला गेले आणि हंबीररावानं लिहून दिलं, ज्ञानू बाहेर आला तर माझ्या जिवाला धोका हाय. झालं, रजा नामंजूर. पंधरा-वीस दिवस तुम्ही घरी येऊन ऱ्हायला असता तर त्याचं काय बिघडणार हुतं?

सोळा हंगाम तुम्ही त्याच्या गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून राबला. त्याच्या गुळाला कोल्हापूरच्या मार्केटात नाव झालं ते तुमच्या हातानं. आणि त्यानं तुम्हाला सगळ्या माणसांदेखत गूळचोर म्हटलं. मग तुम्ही फावडं घातलं. त्यो तोल जाऊन काहिलीवर पडला आणि उकळत्या रसात उजवा हात गेला, यात तुमचं काय चुकलं? तरी सहा वर्षं तुम्हाला. आणि वर आता रजा बी अडवतोय.

फेब्रुवारीत गावच्या जत्रेला येणार हाय. त्याचा एक हात तुम्ही निकामी केलाय, दुसरा मी करतो. मग देऊ दे कुणाला काय लिहून द्यायचं ते.

काळजी करू नका.

तुमचा कृष्णात


कळंबा, कोल्हापूर
१३ डिसेंबर २०२४

कृष्णात,

तुझं पत्र मिळालं. माझ्याआधी ते साहेबांना मिळालं. येड्या, जेलात येणारं पत्र फोडून वाचतात हे तुला कुणी सांगितलं नाही का? साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. पत्र टेबलावर उघडं ठेवलेलं. "दुसरा मी करतो" या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "काय ज्ञानू, पोराला बी तुझ्याच बराकीत जागा बघू काय?" रागानं म्हणाले असते तर चाललं असतं. अगदी आपुलकीनं म्हणाले. मला मान वर करता आली नाही. पत्र मात्र त्यांनी दिलं. म्हणाले, "उत्तर लिही. आणि नीट लिही."

म्हणून नीट लिहितोय. तुला माझ्याकडनं एवढं मोठं पत्र कधी आलं नसेल. पत्र कशाला, घरात असताना मी तुझ्याशी एका वेळी दोन वाक्यं तरी बोललोय का, आठवून बघ.

आता सांगतो त्याला हसू नको. इथं मंगळवारी आणि शनिवारी विश्वजित सर येतात. राजारामपुरीत पोरांचा गणिताचा क्लास घेतात, आणि आम्हाला श्वास बघायला शिकवतात. म्हणजे काय तर मांडी घालून बसायचं, डोळे मिटायचे आणि नाकातनं हवा आत जाते, बाहेर येते, तिकडं ध्यान द्यायचं. बास. मंत्र नाही, देव नाही, काही मागायचं नाही. मन दुसरीकडं गेलं तर रागवायचं नाही, परत आणायचं.

मी पहिल्यांदा गेलो ते पंख्यासाठी. त्या हॉलात पंखे चांगले आहेत. माझ्या शेजारी गारगोटीचा मीरासाब बसतो. शिलाईचं काम करायचा बाहेर. पहिल्या दिवशी तो सरांना म्हणाला, "सर, ह्या श्वासाकडं काय बघायचं? त्यो आपल्यापेक्षा नशीबवान हाय की. दिवसातनं हजार वेळा सुटतोय!" सगळा हॉल हसला. सर पण हसले. म्हणाले, "मीरासाब, प्रत्येक वेळी सुटताना बघा." तेव्हापासून तो माझ्याआधी जाऊन बसतो.

पहिले पंधरा दिवस नुसता त्रास. नाकाला खाज सुटायची, पाय मुंग्यांनी भरायचा, डोळे मिटले की हंबीरराव दिसायचा. मग एके दिवशी नळावर एकानं माझी बादली लाथेनं उडवली. माझी मूठ वळली. कृष्णात, आयुष्यात पहिल्यांदा मला ती वळताना दिसली. आधी पोटात गरम झालं, मग कानात, मग दंडात. आणि दिसलं म्हणून ती तिथंच थांबली. बादली उचलली, परत लाइनीत उभा राहिलो. समोरचाच घाबरला. त्याला वाटलं, हा आता काय करतोय कुणास ठाऊक.

मला काय कळलं सांगू? काहिलीतला रस मी तीन-तीन तास बघायचो. रस निवळायला भेंडीचं पाणी कधी टाकायचं, वर आलेली मळी कधी काढायची, फेस कुठल्या रंगाला आला की काहील उतरायची, हे मला दुरून कळायचं. लोक म्हणायचे, ज्ञानूचं आधण कधी चुकत नाही. पण माझ्या आत जे उकळत होतं तिकडं मी पन्नास वर्षांत एकदा पण वाकून बघितलं नाही.

जत्रेला ये, जरूर ये. पण हंबीररावाच्या वाटेला जाऊ नको. आधी मला भेट.

तुझ्या पत्राची वाट बघणारा,
आबा


राजकोट
२६ डिसेंबर २०२४

आबा,

पत्र फोडतात हे खरंच म्हाईत न्हवतं. साहेबांना नमस्कार सांगा. हे बी वाचत असतील तर, साहेब, नमस्कार.

पण आबा, हसू नको म्हणालासा तरी हसलोच. खोटं कशाला सांगू. तुमच्या एका आरोळीनं सगळं गुऱ्हाळ हलायचं, आणि त्यो माणूस आता डोळं मिटून नाकातला वारा बघतोय! इथं माझ्याबरोबर आदर्श म्हणून कागलकडचा एक पोरगा हाय, त्याला सांगितलं. त्यो म्हणतोय, "तुझ्या म्हाताऱ्याला जेलात गुंगीचं औषध घालत्यात वाटतं." मी त्याची कॉलर धरली. तुम्हाला मी हसलेलं चालतंय, दुसऱ्यानं हसलेलं न्हाय.

मारला न्हाय. मारणार हुतो. सुपरवायझरनं मधी पडून सोडवलं. तुमच्या बादलीची गोष्ट तवा आठवली न्हाय, रूमवर आल्यावर आठवली. उशीर झालेला.

खरं सांगू? पत्र चार वेळा वाचलं. तुम्ही माझ्याशी एवढं कधी बोलला न्हाय हे तुम्हीच लिहिलंय ते बरं केलं, न्हायतर मी लिहिलं असतं. वाचताना तुमचा आवाज येत हुता, पण जरा हळू आवाज. असला आवाज मी ऐकलेला न्हाय.

पण हंबीररावाचं मी सोडणार न्हाय. तुम्हाला शांत वाटत असंल तर चांगलंच हाय की. पण तुम्ही शांत झाला म्हणून त्यानं तुम्हाला चोर म्हटलेलं पुसलं जात न्हाय. तुम्ही बसा डोळं मिटून. माझं उघडं हायेत.

कृष्णात


कोल्हापूर, एसटी स्टँड
११ जानेवारी २०२५

आबा,

हे पत्र स्टँडवर बाकड्यावर बसून लिहितोय, म्हणून असलं अक्षर.

न सांगता आलतो. म्हटलं तुम्हाला खूश करावं. दोन गाड्या बदलून, एका रात्रीचं जागरण करून, आईला सुद्धा न कळवता पहिल्यांदा तुमच्याकडं आलो. सकाळी सातला लाइनीत उभारलो. आधार कार्ड दावलं, नाव घातलं, आत खिडकीपतूर गेलो, आणि शिपाई काय म्हणतोय? "ज्ञानू मौनात हाय. दहा दिवस कुणाशी बोलायचं न्हाय असं शिबिर बसलंय. निरोप धाडतो, थांब."

लई वेळ थांबलो. कुणी आलं न्हाय.

बाराशे किलोमीटरवरनं पोरगं आलंय आणि बाप गप बसलाय! आबा, तुम्हाला मी नकोच हुतो तर तसं लिहायचं. घरी असताना बी तुम्ही बोलत न्हवता, पण तवा निदान मौन हाय म्हणून सांगत न्हवता. माझ्या शेजारी एक बाई उभी हुती, तिला तिचा पोरगा भेटला. तिनं मला इचारलं, "तुझं कोण हाय रं आत?" मी म्हटलं, कोण न्हाय.

आधी मला भेट म्हणाला हुता. आलतो भेटायला. आता जत्रेला येतो आणि माझ्या मनाला येईल ते करतो. साहेबांनी वाचलं तर वाचू द्या.

कृष्णात


कळंबा, कोल्हापूर
१८ जानेवारी २०२५

बाळा कृष्णात,

तू आलास तो शिबिराचा सहावा दिवस होता. शिपाई हॉलच्या दारात आला आणि सरांच्या कानाशी काहीतरी बोलला. सर माझ्याजवळ आले, हळूच म्हणाले, "मुलगा आलाय. तुम्ही ठरवा." मी त्याच क्षणी उठलो. सहा दिवस आम्ही कुणी कुणाच्या नजरेला नजर दिली नव्हती, पण मी असा धडपडत उठलो की सगळ्यांनी डोळे उघडले. मीरासाब तर तोंडावर बोट ठेवून दुसऱ्या हातानं मला "पळ, पळ" करत होता.

खिडकीशी आलो तर तू नव्हतास. तू लिहिलंस, लई वेळ थांबलो. शिपाई म्हणाला, "धा मिनिटं थांबलं पोरगं. बस म्हटलं तर बसलं बी न्हाय. येरझाऱ्या घातल्या आणि गेलं."

रागवत नाही मी. तू माझाच आहेस. मी असतो तर पाच मिनिटं थांबलो असतो.

परत जाऊन बसलो. वाटलं, मोडलंच मौन, आता कशाला बसायचं. पण सरांनी माझी जागा तशीच ठेवली होती. डोळे मिटले आणि रडायला आलं. सर सांगतात, जे येतंय ते येऊ द्या, नुसतं बघा. म्हणून बघत बसलो. रडणं गेलं, आणि त्याच्या खाली जे होतं ते वर आलं. मळी काढली की रसाचा खरा रंग दिसतो, तसं. पुढचे चार दिवस मी तेवढ्याच एका गोष्टीकडं बघत होतो. आता ती तुला सांगतो. हे लिहायला मला तीन वर्षं लागली.

हंबीरराव मला चोर म्हणाला नव्हता.

त्या दिवशी मी सकाळीच थोडी घेतली होती. काहिलीशी उभा होतो पण ध्यान जाग्यावर नव्हतं. आधण तळाला लागलं. गूळ काळा पडला. सोळा हंगामांत पहिल्यांदा. हंबीरराव आला, वाफ्यात ओतलेल्या गुळाचा खडा उचलून तोंडात टाकला, आणि मला म्हणाला, "ज्ञानू, लक्ष कुठं हाय तुझं?" बास. एवढंच. आवाज पण चढवला नव्हता. पण सगळी माणसं बघत होती आणि माझ्या हातात फावडं होतं.

तुझी आई पहिल्यांदा भेटायला आली तेव्हा तिला काहीतरी सांगावं लागत होतं. एवढ्या बोलण्यावरनं माणसाचा हात घालवला असं कसं सांगू? मी म्हणालो, चोर म्हणाला. तिनं तुला सांगितलं. कोर्टात कामगारांनी खरं सांगितलं तेव्हा तुम्ही दोघं म्हणालात, हंबीररावानं माणसं फोडली. मी गप्प बसलो. तेही एक मौन होतं. या दहा दिवसांच्या मौनापेक्षा ते फार जड होतं, कृष्णात.

त्यानं रजेला हरकत घेतली ती मला बरोबर वाटते. मी त्याच्या जागी असतो तर मी पण घेतली असती.

तुझ्या आईला फोनवर सांगितलं. पाच मिनिटं संपेपर्यंत फोन धरून ठेवला तिनं, एवढंच.

तू माझ्या खोट्यासाठी त्याच्यावर हात उचललास तर माझी सहा वर्षं संपली तरी मी सुटणार नाही. जत्रेला येणार असशील तर ये. बाकी तुला काय सांगू? सांगायचा हक्क मी घालवलाय. पण हे पत्र तुला वेळेत मिळू दे एवढं रोज बसताना मनात येतं. सर म्हणतात, काही मागायचं नाही. मी मागतो.

आबा


राजकोट
१२ फेब्रुवारी २०२५

आबा,

तुमचं पत्र वेळेत मिळालं. जत्रेला निघायच्या दोन दिवस आधी.

वाचून पहिल्यांदा तुमचाच राग आला. पत्राचा बोळा करून कोपऱ्यात फेकला. आदर्शनं उचलून सरळ केला आणि न वाचता माझ्या बॅगेत घातला. म्हणाला, "तुझ्या बापाचं अक्षर हाय, फेकू नगंस." त्याची कॉलर धरल्याबद्दल मी त्याची माफी मागितली.

तीन वर्षं मी ज्याला शिव्या घालतोय त्यो माणूसच चुकीचा! गाडीत बसून हाच विचार. पण मन लई लबाड असतंय आबा. पुण्याच्या पुढं गेल्यावर म्हणायला लागलं, चोर म्हटलं न्हाय हे ठीक, पण रजा तर त्यानंच अडवली की. खोटं तुमचं असू दे, रजा त्याची. म्हणजे मारायला काहीतरी पाहिजेच हुतं मला. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईला मुरगूडला जाऊन येतो म्हणून सांगितलं आणि गुऱ्हाळाकडं निघालो. काय करणार हाय ते मलाच म्हाईत न्हवतं. देवाशपथ.

गुऱ्हाळ चालू हुतं. काहील चढलेली. नवा गुळव्या हाय, सयाजी म्हणून. हंबीरराव खुर्ची टाकून बसलेला. लई वाळलाय. त्यानं मला वळखलं न्हाय. माझी दाढी वाढलीया, आणि त्यानं मला बघितलं हुतं तवा मी मिसरूड न फुटलेला. लांबूनच म्हणाला, "या पावणं! बसा. गरम गूळ तयार हाय, खाल्ल्याबिगर जायचं न्हाय." तुमच्या वेळचीच रीत हाय ही, आलेल्या माणसाला रिकाम्या तोंडानं पाठवायचं न्हाय.

माझं पोट गरम झालं. मग कान. आबा, तुम्ही लिहिलंवतं तसंच, त्याच क्रमानं! मला हसायलाच आलं असतं. मूठ वळली. मी नाकाकडं ध्यान लावलं. कधी बसलो न्हाय, शिकलो न्हाय, तुमच्या पत्रात जेवढं हाय तेवढंच. एक श्वास आत गेला, बाहेर आला. दुसरा गेला तवर हंबीरराव उठला. वाफ्यातला गूळ उसाच्या पाल्यावर घेऊन माझ्यापुढं आला. उजवा हात शर्टाच्या बाहीत तसाच लोंबत हुता, बोटं वाकडी होऊन चिकटलेली. डाव्या हातानं गूळ पुढं केला आणि म्हणाला, "डावा हात हाय पावणं, राग मानू नगा. उजवा चालत न्हाय."

माझ्याकडं माफी मागत हुता त्यो! डाव्या हातानं द्यावं लागतंय म्हणून!

मी दोन्ही हातांनी घेतला. तोंडात घालवेना. म्हटलं, "मामा, मी ज्ञानू गुळव्याचा कृष्णात."

त्यो दोन पावलं मागं सरला. सयाजीनं फावडं उचललं. मी म्हटलं, "मारायला आलतो. आता न्हाय. आबांनी पत्रात खरं लिहिलंय. तुम्ही चोर म्हणाला न्हवता. तुम्ही फक्त लक्ष कुठं हाय म्हणून इचारलं हुतं."

हंबीरराव परत दोन पावलं पुढं आला. मग म्हणाला, "तुझ्या बापानं लिहिलं हे? स्वतःच्या हातानं?" मी पत्र काढून दिलं. बोळा झालेलं. त्यानं डाव्या हातानं धरून सगळं वाचलं. वाचताना एकदा थांबला आणि सयाजीला म्हणाला, "फावडं खाली ठेव की आता, सोंगाड्या." मग पत्र परत दिलं.

मी लगेच रजेचं इचारलं. घाई हाय ना अंगात. त्यो म्हणाला, "न्हाय पोरा. हरकत मी मागं घेणार न्हाय. दाराशी कोण मोठ्यानं बोललं तरी मी अजून दचकतोय. उद्याचं उद्या बघू, पण आज न्हाय. बापाला सांग, खरं लिहिलं ते वाचलं मी." आणि मग, "गूळ खा. गार हुतोय."

खाल्ला. तुमच्या हातचा न्हाय. तुमचा जरा मऊ असायचा. हे मी त्याला सांगितलं तर म्हणाला, "ते मला सांगतोस व्हय?"

तिथनं सरळ कळंब्याला आलो. ह्या वेळी बाकड्यावर तीन तास बसलो. शिपायानं दोनदा येऊन बघितलं, गेलं काय पोरगं म्हणून. आणि मग काचंच्या पलीकडं तुम्ही आला. फोन कानाला लावला, तुम्ही पण लावला, आणि वीस मिनिटांत आपण काय बोललो? "जेवलास?" "व्हय." "आई?" "बरी हाय." मारलं न्हाय एवढं मी सांगितलं, तुम्ही मान हलवली, आणि मग दोघं नुसतं बघत बसलो. शिपाई येळ झाली म्हणाला तवा तुम्ही काचंवर हात ठेवला. मी ठेवायच्या आत तुम्हाला उठवलं.

म्हणून तिथं बोलायचं ऱ्हायलं ते आता लिहितो.

मी रोज कामावर जायच्या आधी दहा मिनिटं बसतोय. आदर्श पलीकडं भाकरी थापत गाणी म्हणतोय, तरी बसतोय. दहातली आठ मिनिटं मन गावाकडं पळतंय, त्याला पकडून आणायचंच काम. खातं मातर बदललं न्हाय अजून. मीरासाबचाचांना आणि विश्वजित सरांना माझा नमस्कार सांगा. सरांना म्हणावं, तुम्ही आबांना शिकवलं आणि त्यांनी न शिकवताच ते माझ्याकडं पोचलं. माझे हात आज माझ्याजवळ हायेत आणि मी जेलात न्हाय, राजकोटात हाय, ह्याचे उपकार कुणाकुणाचे मानू?

आबा, तुम्ही खोटं सांगितलं ह्याचा मला राग हाय. अजून हाय. आणि तुम्ही खरं सांगितलं त्याचे उपकार मी जल्मभर विसरणार न्हाय. दोन्ही एकदमच येत्यात. सकाळी बसलो की एका नाकपुडीत राग असतोय आणि एका नाकपुडीत तुम्ही. दोन्हीकडं बघत बसतोय.

तुमचाच,
कृष्णात